गुडघ्याला बांधलेला रुमाल

थंडी पडली, तुरीच्या शेंगा भरल्या की आमच्या गुलबर्ग्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. शाळांचे खेळ आणि घरोघरी येळवशीची तयारी. यंदाही तसंच झालं. नातीच्या शाळेत खो-खोचा संघ निवडला, त्यात तिचं नाव आलं, आणि त्याच आठवड्यात भाजीवाली दारात येऊन म्हणाली, "आज्जी, येळवशीच्या भज्जीला काय काय पायजे ते आत्ताच सांगून ठेवा. मागनं मिळायचं न्हाई." मी तिला काय सांगितलं कोण जाणे. माझा हात आपोआप उजव्या गुडघ्यावर गेला होता.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या सीमेवरच्या गावांत त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही. गडी, बायका, पोरंबाळं, पाहुणे, सगळं बिऱ्हाड शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, तिच्यात लक्ष्मी मांडायची, ताकात शिजवलेली ज्वारीची आंबील शेताला शिंपडायची आणि तिथंच मांडी घालून पोटभर जेवायचं. हरभरा, वाटाणा, तूर, वाल, कांद्याची पात, मेथी असं सगळं एकत्र शिजवलेली भज्जी आणि ज्वारीचे उंडे. नुसतं लिहितानाही तोंडाला पाणी सुटलं. पण खरं सांगू? ह्या सणाची आठवण आली की आधी तोंडाला कोरड पडते, पाणी मागाहून सुटतं.

तर ईशा, माझी नात, मला ओढत खेळाच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली. तिला गुडघ्याला घालायला काहीतरी हवं होतं. दुकानदारानं काचेवर ढीग ओतला. कुणाला पट्टे, कुणाला मध्ये भोक, कुणाला स्पंजची गादी, एकाला तर दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या. "हे घ्या आज्जी, एकदम टाइट. गुडघा हलणारच नाही."

"बाबा रे," मी म्हटलं, "पोरीला खो-खो खेळायचाय. देवळाचा खांब व्हायचं न्हाई."

मग मी काय केलं, तर ईशाला एकेक चढवून भर दुकानात उकिडवं बसवलं. बस, ऊठ. पुन्हा बस. वळ. गिऱ्हाइकं बघायला लागली. ईशा कुजबुजली, "आज्जी, लोक बघतायत गं." बघू देत की! माझ्या वेळी अख्खं मैदान बघत होतं, त्याच्यापुढं हे दुकान काय. दुकानदार मात्र बिचारा माझ्याकडं असा बघत होता की ही बाई घेणार आहे की नुसतीच कवायत करवणार आहे.

मी खेळायचे तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मी खजुरीची. गावात चौथीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून मला मामाकडं गुलबर्ग्याला ठेवलं होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, शेतकरी माणूस. बोलणं मोजकं, पण एकदा बोलले की ते दगडावर कोरलेलं. मुलीला शहरात शिकायला ठेवलं म्हणून भावकीनं त्यांना कमी ऐकवलं नव्हतं. ते ऐकून घ्यायचे, डोक्याचा रुमाल सारखा करायचे आणि शेताकडं निघून जायचे. आमच्याकडं डोक्याला बांधायच्या पटक्याला रुमाल म्हणतात बरं का. उगाच खिशातला हातरुमाल डोळ्यांपुढं आणू नका. चांगला लांबलचक, पांढराशुभ्र, तांबड्या काठाचा.

शाळेत मला खो-खोचं वेड लागलं. वेडच म्हणायचं त्याला. परकराचा काचा मारायचा, कमरेला सेफ्टीपिन अडकवायची आणि धावत सुटायचं. मैदान मुरमाड. पाटीतून, म्हणजे बसायच्या जागेवरून, उठायला जरा चुकलं की गुडघा सोलवटलाच. त्या वर्षी दिवाळीला घरी गेले तेव्हा दोन्ही गुडघ्यांवर खपल्या होत्या आणि उजवा जरा सुजलेला होता. अंगणातून न्हाणीकडं चालले होते एवढंच. अप्पांनी हाक मारली.

"गिरजे, थांब. कामून लंगडायलीस?"

"खेळताना पडले, अप्पा."

"खेळताना?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ओसरीवर मूग पाखडत बसलेल्या आत्याकडं पाहिलं. मग सुपाचा आवाज थांबला.

शिवक्का आत्या, अप्पांची थोरली बहीण, आमच्याच घरी असायची. माझ्याएवढी असताना ती विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली. डावा पाय मोडला आणि कुणीतरी तो बसवला तो वाकडाच. पुढं तिला बघायला पाहुणे यायचे, "पोरगी जरा चालून दाखवा" म्हणायचे आणि चहा अर्धा ठेवून उठायचे. शेवटी येणंच बंद झालं. आणि निजामाचं राज्य जायच्या धामधुमीच्या साली, जेव्हा आमच्या भागातली गावंच्या गावं हद्द ओलांडून अक्कलकोटाकडं निघाली, तेव्हा सगळे पळत होते आणि आत्याला पळता येत नव्हतं. अप्पांनी तिला पाठुंगळी घेतलं होतं. लोक त्यांना मागं टाकून पुढं जात होते. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसापासून अप्पांच्या डोक्यात एकच बसलं होतं. बाईमाणसाचे पाय धड पायजेत. लग्नाला पायजेत आणि पळायलाही पायजेत.

म्हणून त्या दिवशी ते जे बोलले त्याचा मला राग आला, पण नवल वाटलं नाही. "एक डाव पडलीस. बरं. पुन्यांदा ह्या घरी लंगडत आलीस तर शाळा बंद. मामाकडचं बोचकं उचलायचं आन् घरी बसायचं."

झालं. एवढंच. ते शेताकडं गेले. पण पुढं दोन महिने मी त्या धाकातच होते. शाळा बंद म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या बरोबरीच्या गावातल्या पोरी तेव्हा दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापत होत्या. खेळ सोडून द्यायचा असं का नाही वाटलं, म्हणाल, तर वाटलं ना. रात्रभर वाटलं. सकाळी उठल्यावर पुन्हा पाय शिवशिवायला लागले. त्या वयाला काय सांगायचं!

अव्वा, माझी आई, नवऱ्यापुढं शब्द बोलायची नाही. पण तिचं म्हणणं ती हातांनी करून मोकळी व्हायची. दुपारी घर सामसूम झाल्यावर तिनं ट्रंक उघडली आणि तळाशी ठेवलेला अप्पांचा जुना रुमाल काढला. धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला. आमच्या घरात बापाचा जुना रुमाल कधी पुसायला किंवा पायपुसण्याला घेत नसत. तो जपून ठेवायचा. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की त्याची बाळाला झोळी बांधायची, उरलेल्याची दुपटी करायची. आजोबाच्या डोक्यावरचं कापड नातवाच्या अंगाखाली. हा रुमाल माझ्या नावानं ठेवलेला होता.

अव्वानं त्याची कड दातात धरली आणि टर्रकन फाडला.

"अव्वा! आगं, हा तर..."

"गप ऱ्हा. शाळा टिकली तर पुढचं. लगीन हुईल तवा हुईल, लेकरू हुईल तवा हुईल. त्येचं फडकं तवा बघू."

वाकळीच्या उरलेल्या चिंध्यांचे थर लावून तिनं गुडघ्याच्या मापाची एक जाडसर गादी शिवली आणि ती बांधायला रुमालाची लांब पट्टी काढली. काय सुंदर शिवली होती! इथपर्यंत सगळं बेस झालं. पण एवढ्यावर थांबेल ती अव्वा कसली. आमच्याकडं मुका मार लागला की हळद आणि चुना कालवून गरम गरम लावतात. सूज ओढून घेतो. अव्वानं विचार केला की लागल्यावर लावण्यापेक्षा आधीच लावून ठेवलं तर लागणारच नाही. तिनं ती अख्खी पट्टी हळद-चुन्यात बुचकळली. पांढरा रुमाल बघता बघता कुंकवासारखा लाल झाला. काठ कुठं आणि कापड कुठं कळेना. मग ती पट्टी उन्हात कडकडीत वाळवली आणि माझ्या हातात दिली. "ही बांधून खेळ. बघतेच आता कसा लागतोय त्यो."

मीही मान डोलावली. मला तरी काय कळत होतं. आई म्हणते म्हणजे बरोबरच असणार, आणि शिवाय पट्टी बांधली की गुडघा असा आवळून बसायचा की वाटायचं, आता आपल्याला कोण हात लावतंय!

गुलबर्ग्याला परत आल्यावर ड्रिलच्या बाईंनी ती पाहिली. ह्या बाई मूळच्या बीदरच्या. उंच, ताठ, गळ्यात शिट्टी आणि जिभेवर अस्सल दखनी. "क्या बांधको आई गे ये? घुटना है या दीवार है?" सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. बाईंनी कपाट उघडून हैदराबादेहून आणलेली एक गुडघ्याची टोपी काढली. इलॅस्टिकची. संघात अकराजणी आणि टोपी एक. मोठ्या माणसाच्या मापाची होती ती. मी घालून दोन पावलं पळाले, तर ती घोट्यावर येऊन बसली. म्हणजे एक धरत नव्हती आणि दुसरी सोडत नव्हती. बाई म्हणाल्या, "दोनों नको. खुला खेल." पण उघड्या गुडघ्यानं खेळायचं माझं काळीज नव्हतं. अप्पांचं बोलणं कानात वाजायचं. मी अव्वाची पट्टीच बांधली.

आता वाटतं, काय घालावं हे पोरीला सांगताना आपण तिला लागेल का एवढंच बघतो. तिच्या मनात भीती कसली आहे ते कुणी विचारत नाही. पुढं मी स्वतः शाळेत मुलींना खेळ शिकवायची नोकरी केली, कैक पोरींचे गुडघे बांधले, आणि पट्टी हातात घेण्याआधी प्रत्येकीला एकच विचारायची. घरी कुणाला भितेस? काही जणी तिथंच रडायच्या.

सामने बीदरला होते. मार्गशीर्ष संपत आला होता. वारा असा की कान दुखावेत. बीदरची जमीन तांबडी, जांभ्या दगडाची. वरून भुसभुशीत दिसते आणि खाली खरवडणारी. आम्ही पाटीत उकिडव्या बसलो होतो, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. बसतानाच मला कळलं की घोटाळा आहे. थंडीनं की घामानं, देव जाणे, पट्टी अशी आखडली होती की गुडघा पुरता मिटेचना. मी अर्धवट बसले. मनात म्हणत होते, मला खो देऊ नका, आत्ता नको, जरा थांबा. आणि पाठीत थाप पडली. खो!

मी उठले. म्हणजे अंग उठलं, गुडघा मागंच राहिला. वळायच्या जागी पाय वळला नाही, वरचं धड वळलं, आणि आत कुठंतरी कट्ट असा आवाज झाला. तो आवाज फक्त मला ऐकू आला असणार, पण मला वाटलं, खजुरीपर्यंत गेला. मी तोंडावर पडले. पट्टीचा वाळलेला लाल चुना फुटून सगळा आजूबाजूला पडला. बायका ओरडल्या, "रक्त! रक्त!" बाई धावत आल्या. रक्त कुठलं, हळदच ती. बाईंनी पट्टी सोडली, तेव्हा खालचा गुडघा नारळाएवढा झालेला.

आम्ही हरलो. त्याचं त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. बाईंनी ती पट्टी नळाखाली खसखसून धुतली. लाल पाणी किती वेळ वाहत राहिलं. खालून पुन्हा रुमाल निघाला, पिवळट झालेला, पण तांबड्या काठासकट. तो त्यांनी ओलाच पायाला गुंडाळला, सैलसर, आडवातिडवा, आणि म्हणाल्या, "थोडे दिन पाँव कू आराम देव, अम्मा." मी हो म्हटलं. आराम! परवावर येळवस आली होती.

मामा म्हणाला, "जाऊ नगंस. ताप आलाय म्हणून निरोप धाडतो." पण येळवशीला लेक आली नाही तर अप्पा स्वतः गुलबर्ग्याला आले असते, हे मामालाही माहीत होतं. त्यानं मला मोटारीत बसवून दिलं. अख्ख्या वाटेत मी एकच करत होते. पाय टेकवायचा कसा, वजन टाकायचं कसं, चेहरा कसा ठेवायचा. मोटार जिथं जिथं थांबायची तिथं मी उतरून चालून बघायची. आळंदच्या स्टँडवर एक म्हातारी म्हणाली, "बाई, पायात काटा मोडलाय का?" माझं सगळं अवसान गळालं.

नशीब एवढंच की अप्पा घरी नव्हते. गड्यांबरोबर शेतात कोप उभारत होते. मी अंगणात पाऊल टाकलं आणि ओसरीवरून आत्या बघत राहिली. तिला काय सांगायचं? ज्याचा जन्म लंगडण्यात गेला त्याच्यापासून ते लपतं होय? तिनं मला जवळ बोलावलं. हळूच विचारलं.

"कंचा?"

"उजवा."

"माझा डावा," आत्या म्हणाली. जरा विचार केला. "बरं झालं. जमंल."

काय जमेल ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी सगळे शेताकडं निघाले. सगळ्यात पुढं अप्पा, खांद्यावर घोंगडी, डोक्यावर आंबिलीचा माठ. भरला माठ डोक्यावर असताना मान वळवता येत नाही, एवढाच माझा आधार. मागं बायका, टोपल्या घेऊन. आत्या दरवर्षी बैलगाडीत बसायची. त्या दिवशी ती म्हणाली, "मी चालत येनार. गिरजाच्या हाताला धरून येते." अव्वानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि माझ्या डोक्यावरची टोपली काढून स्वतःच्या टोपलीवर ठेवली.

आम्ही दोघी निघालो. तिचा डावा पाय, माझा उजवा. मधले दोन पाय धड. ती माझ्या अंगावर रेलली आणि मी तिच्या, आणि बघणाऱ्याला वाटावं की म्हाताऱ्या आत्याला पोरगी किती सांभाळून नेतेय. वाटेत भेटेल तो म्हणायचा, "शिवक्का, पोरगी गुणाची हाय गं तुमची." आत्या म्हणायची, "व्हय तर!" आणि माझा दंड असा घट्ट धरायची की बोटं उमटायची. काळ्या रानात शिरल्यावर तर ती मुद्दाम ओरडायला लागली. "हळू चाल की गं! ढेकळं टोचायल्यात मला! जीव घेतीस का म्हातारीचा?" म्हणजे मला हळू चालता यावं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही येत होतं.

पण पुढं अप्पा चालत होते. मान वळवता येत नव्हती तरी कान होते ना. आत्याच्या चालण्याचा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकलेला. एक पाऊल टेकायचं, एक फरफटायचं. त्या दिवशी मागून एक फरफट जास्तीची येत होती. एका ठिकाणी ते थांबले. माठ स्थिर. आम्हीही थांबलो. वाऱ्यानं ज्वारीची पानं सळसळत होती, तेवढाच आवाज. मग ते पुन्हा चालू लागले.

कोपीभोवती फिरून आंबील शिंपडली. त्या फेऱ्यांत अप्पा मला बाजूनं बघू शकत होते, म्हणून आत्या नेमकी त्यांच्या नि माझ्या मध्ये. पूजा झाली. आता जेवणं. आणि इथं आमची दोघींची अक्कल संपली, कारण जेवायला मांडी घालावी लागते.

"मी वाढते," मी म्हटलं.

"तुजी अव्वा वाढंल," अप्पा म्हणाले. "तू बस."

"मला भूक न्हाई, अप्पा."

"बस."

मी बसले. कशी बसले ते माझं मला माहीत. उजवा पाय मिटला नाही तो नाहीच. आत्या नेहमीच पाय लांब करून बसायची, तिला कोण काही म्हणत नसे. मी तिच्या शेजारी तसाच पाय पसरला आणि परकर खाली ओढायला गेले. उशीर झाला होता. परकराच्या खालून तांबडा काठ दिसत होता.

अप्पांचा घास हातात राहिला. स्वतःचा रुमाल माणूस ओळखणार नाही? कोणता रुमाल, कशासाठी ठेवलेला, सगळं त्यांना ठाऊक होतं. ते त्या काठाकडं बघत होते, मग आत्याच्या पायाकडं, मग पुन्हा माझ्या. कडब्यावर दोन पाय शेजारी शेजारी लांब केलेले, एक तिचा, एक माझा. अव्वाच्या हातातली पळी भज्जीत तशीच थांबली. शेजारच्या शेतातून हसण्या-ओरडण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता म्हणतील. आता म्हणतील. म्हणून टाका ना एकदाचं!

त्यांनी आंबिलीची वाटी तोंडाला लावली, संपवली, मिशा पुसल्या आणि हरभरा बघायला निघून गेले. दिवसभर ते आमच्याकडं आले नाहीत. संध्याकाळीही बोलले नाहीत. मी वाकळीत तोंड घालून रडले. गुडघा दुखत होता म्हणून नाही. माझी भूगोलाची वही मामाकडं अर्धी राहिली होती, ती आता कोण पुरी करणार, ह्या विचारानं रडले. काय काय सुचतं माणसाला!

दुकानात ईशानं शेवटी एक साधीच टोपी निवडली. बसताना ताणते, उठताना धरते, आत दोन बोटं जातात. दुकानदाराला बरं वाटलं, सुटलो म्हणून. घरी येताना ईशा म्हणाली, "आज्जी, तू एवढी का घाबरतेस? पडले तर पडले." ती खरंच म्हणत होती. तिच्या घरी पडण्याची शिक्षा नाही. तिला पडल्यावर बर्फ मिळतो, गोळी मिळते आणि वर आईस्क्रीम. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आणि मला आमची ओसरी आठवली, आत्याचं सूप आठवलं, आणि त्या येळवशीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

सकाळी उठले तेव्हा अप्पा घरात नव्हते. अव्वानं माझी पुस्तकं फडक्यात बांधून दाराशी ठेवली होती, पण तिलाही काही माहीत नव्हतं. "त्येंनी काय सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "मोटारीचा टाइम झालाय. चल तर खरं." मला वाटलं, अप्पा मोटारीवाल्याला सांगायला गेलेत, ह्या पोरीला घेऊ नका म्हणून. अव्वा एका बाजूला, आत्या दुसऱ्या बाजूला, अशा आम्ही तिघी वडाखाली गेलो, जिथं मोटार थांबायची.

अप्पा तिथं उभे होते. उघड्या डोक्यानं.

मी त्यांना तसं त्याआधी एकदाच पाहिलं होतं, आजोबा गेले तेव्हा. आमच्या गावात मोठा माणूस उघड्या डोक्यानं बाहेर पडला की समजायचं, घरात कुणी गेलंय. अव्वानं तोंडाला पदर लावला. अप्पांच्या हातात त्यांचा रोजचा रुमाल होता, नवा, घडी केलेला. डोक्यावरच्या पिळाच्या वळ्या त्यात अजून तशाच होत्या. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"जुन्याला ताण ऱ्हात न्हाई. ह्यो घे." मग अव्वाकडं बघून, "आन् ह्येला हळद-चुना लावू नगा."

तरी मी विचारलंच. विचारल्याशिवाय जाणं मला जमलं नसतं. "अप्पा, तुमी म्हणला हुता, लंगडत आलीस तर..."

अप्पांनी आत्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं. पाठुंगळी घेतलेल्या बहिणीकडं मान वळवून बघावं तसं.

"काल मला एकटी अक्काच लंगडताना दिसली," ते म्हणाले. "दुसरं कोण हुतं का गं, अक्का?"

"कोण न्हाई," आत्या म्हणाली आणि तिनं माझा दंड सोडला.

मोटार आली. मी चढले, तो उजवा पाय उचलताना आई गं म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलं आणि कुणीच ऐकलं नाही. खिडकीतून बघते तर गावातला एक म्हातारा अप्पांना बघून घाबऱ्याघुबऱ्या आला होता. "अप्पा, डोकं उघडं कामून? घरी काय झालंय का?"

"कायबी झालं न्हाई," अप्पा म्हणाले. "रुमाल कामाला लागलाय."